मुलींचे बास्केटबॉल : हंगामाआधीचा हंगाम



थळच्या किनाऱ्यावर वर्षाचे दोन भाग पडतात. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. होड्या वाळूवर ओढलेल्या असतात. समोरचे खांदेरी-उंदेरी पावसाच्या पडद्याआड जातात. तथापि कोळ्याच्या घरी हे दिवस रिकामे नसतात. फाटलेली जाळी सांधणे, नवी विणणे, होडीच्या फटी बुजविणे, इंजिनाची दुरुस्ती करणे ही सर्व कामे याच काळात उरकली जातात. नारळी पौर्णिमेला समुद्रास नारळ अर्पण होतो आणि मग होडी पाण्यात लोटली जाते. जी होडी त्या दिवशी दुरुस्त नसते, तिचा हंगाम तेथेच अर्धा बुडतो.

महाविद्यालयीन क्रीडास्पर्धांचा हंगामही साधारणपणे याच सुमारास सुरू होतो. फरक इतकाच की, होडीची तयारी आधी झालेली असते. मुलींच्या संघाची बहुधा झालेली नसते. महाविद्यालयीन मुलींच्या बास्केटबॉल संघाचा हंगाम सामन्यांच्या दिवशी ठरत नाही. तो त्याच्या कितीतरी आधी, गावातील शाळेच्या अंगणात ठरतो. म्हणूनच तो केवळ महाविद्यालयाच्या क्रीडाशिक्षकाचा विषय नसून गावचा शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि शासकीय अधिकारी या सर्वांचा विषय आहे.

बंद दारांआडून खुल्या मैदानात

बास्केटबॉल हा खेळ डॉ. जेम्स नेस्मिथ या शारीरिक शिक्षकाने १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे सुरू केला. भिंतीवर फळांच्या दोन टोपल्या टांगून तो प्रथम खेळला गेला. पुढल्या दोन वर्षांतच सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने स्मिथ महाविद्यालयात तो मुलींना शिकविला. १८९३ च्या मार्चमध्ये तेथे मुलींचा पहिला सामना झाला, तेव्हा पुरुषांना प्रेक्षक म्हणूनही प्रवेश नव्हता. ४ एप्रिल १८९६ रोजी स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया या विद्यापीठांच्या मुलींमध्ये पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना झाला. तोही केवळ स्त्री-प्रेक्षकांसमोर. स्टॅनफर्डने तो २-१ असा जिंकला.

मुलींना अतिश्रम सोसणार नाहीत या समजुतीने त्यांच्यासाठी निराळे नियम करण्यात आले. मैदानाचे तीन भाग पाडून प्रत्येक खेळाडूस आपल्याच भागात राहण्याचे बंधन घातले गेले. पूर्ण मैदानावर पाच खेळाडूंचा खेळ अमेरिकेतील महाविद्यालयीन मुलींच्या वाट्यास येण्यास १९७१ साल उजाडावे लागले. पुरुषांचे बास्केटबॉल १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये आले. स्त्रियांचे ४० वर्षांनंतर, १९७६ साली मॉन्ट्रिअल येथे. मुलींना खेळ जमत नव्हता म्हणून हा विलंब झाला नाही. त्यांच्यासाठी मैदान मोकळे करण्यास मोठ्यांना इतका वेळ लागला.

भारतात हा खेळ प्रामुख्याने वाय.एम.सी.ए. या संस्थेच्या द्वारे पसरला. १९५० साली भारतीय बास्केटबॉल महासंघ स्थापन झाला. २०१७ च्या जुलैमध्ये बंगळुरू येथे झालेल्या आशियाई महिला चषकाच्या ‘ब’ गटात भारतीय संघाने अंतिम सामन्यात कझाकस्तानला ७५-७३ असे हरविले आणि वरच्या गटात स्थान मिळविले. पुण्याच्या शिरीन लिमये या विजयी संघात होत्या. महाराष्ट्रातील मुलीस हा खेळ परका नाही, याची ही साक्ष होय. प्रश्न आहे तो थळसारख्या गावातील मुलीस तो जवळचा कसा होईल, हा.

हंगाम कसा चालतो

थळ हे अलिबागच्या उत्तरेस सुमारे ६ किलोमीटरवर आहे. येथील मुलगी बारावीनंतर अलिबाग किंवा आसपासच्या महाविद्यालयात जाते. ही महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. प्रवेशाची धांदल संपते न संपते तोच सूचनाफलकावर संघनिवडीची सूचना लागते. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, त्यांतून विद्यापीठाच्या संघाची निवड, निवडलेल्या मुलींचे शिबिर, पुढे पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा आणि तेथे यश मिळाल्यास अखिल भारतीय स्पर्धा, अशा पायऱ्या असतात. आंतरविद्यापीठ स्पर्धा भारतीय विद्यापीठ संघाच्या वतीने भरविल्या जातात. हा सर्व हंगाम सहामाही परीक्षांना वळसा घालीत चालतो.

मैदानावर एका वेळी पाच खेळाडू असतात, संघात बारा. दहा-दहा मिनिटांचे चार डाव खेळले जातात. चेंडू हाती आल्यापासून २४ सेकंदांत तो टोपलीकडे टाकावा लागतो. पाच चुका झालेल्या खेळाडूस बाहेर बसावे लागते. या नियमांचा अर्थ असा की, केवळ पाच चांगल्या मुलींवर संघ चालत नाही. तिसऱ्या डावात दोघींच्या चार-चार चुका झाल्या की बाकावर बसलेल्या सहावीची आणि सातवीची परीक्षा सुरू होते. अनेक संघ येथेच कोसळतात. सामना हरला असे म्हटले जाते; वास्तविक सहावी आणि सातवी तयारच झालेल्या नसतात.

हंगाम अडतो कोठे?

पहिली अडचण वयाची. अठराव्या वर्षी जिने प्रथमच चेंडू हाती घेतला, तिला एका पावसाळ्यात दोन्ही हातांनी चेंडू आपटीत धावणे, उडी मारून दोन्ही पायांवर तोलून उतरणे आणि दमलेल्या अवस्थेत टोपलीचा नेम साधणे शिकता येत नाही. शहरातील तिची प्रतिस्पर्धी हे सर्व पाचवी-सहावीपासून करीत आलेली असते. बुद्धी आणि बळ समान असूनही पहिल्या दहा मिनिटांतच सामना एकतर्फी होतो. दुसऱ्या वर्षी ती मुलगी निवडीला येत नाही. गावातील तिची धाकटी बहीण तर येतच नाही.

दुसरी अडचण पावसाची. स्पर्धा जवळ येतात त्याच महिन्यांत कोकणातील उघडी मैदाने चिखलाने भरलेली असतात. सिमेंटचे मैदान असल्यास त्यावर शेवाळ धरते, आणि शेवाळावर धावणे म्हणजे गुडघ्यास दुखापत ओढवून घेणे होय. वर्गात, वऱ्हांड्यात, कोठेतरी चार दिवस सराव होतो आणि संघ स्पर्धेस निघतो.

तिसरी अडचण प्रवासाची आणि अंधाराची. मांडव्याहून गेटवेकडे जाणाऱ्या लहान बोटी पावसाळ्यात बंद असतात. त्या दिवसांत मुंबईतील सामन्यास सहसा पेण-पनवेलच्या वाटेने जावे लागते. सकाळच्या सामन्यासाठी पहाटे घर सोडावे लागते. हिवाळ्यात तर सायंकाळी सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. महाविद्यालयाचे तास संपवून सराव सुरू करावा तो अंधार पडतो, आणि घरी परतण्याची गाडी हा मोठा प्रश्न होऊन बसतो. मुलीच्या आईवडिलांचा खेळास विरोध असतोच असे नाही. त्यांचा प्रश्न साधा असतो : ती घरी कशी आणि किती वाजता येणार? या प्रश्नाचे उत्तर कोणी दिले नाही, तर ते मुलीस सरावास पाठवीत नाहीत. त्यात त्यांचा दोष मानता येणार नाही.

कबड्डीच्या मातीतून

थळच्या मुलीजवळ काहीच नसते, असे मात्र मुळीच नाही. रायगडच्या आगरी-कोळी वस्त्यांमध्ये कबड्डी घराघरांत रुजलेली आहे. कबड्डीतील चढाई करणारी मुलगी वाकून, पावले न गुंतविता, डोळे समोरच्यावर ठेवून डावी-उजवीकडे सरकते. बास्केटबॉलमध्ये प्रतिस्पर्ध्यास अडविताना हेच पदलालित्य लागते. साखळी करून पकड करणाऱ्या मुलींना एकमेकींच्या हालचालीचा अंदाज घेण्याची सवय असते. संघाच्या बचावाचा पाया तोच आहे. क्षणात निर्णय घेण्याचे धैर्य दोन्ही खेळांत सारखेच लागते.

फरक आहे तो तीन गोष्टींत : चेंडू हाताळणे, उडीनंतर तोल सांभाळून उतरणे, आणि अंगाला अंग न लावता अडविणे. कबड्डीत पकड हा गुण. बास्केटबॉलमध्ये ती चूक. या तीन गोष्टी सातवी-आठवीतच शिकविल्या, तर कबड्डीची मुलगी उत्तम बास्केटबॉलपटू होऊ शकते. त्यासाठी तिने कबड्डी सोडण्याचेही कारण नाही. एका खेळास दुसऱ्याचा शत्रू मानणे ही शाळांतील जुनी चूक आहे.

अर्धे मैदान, पूर्ण उपयोग

आता जागेचा हिशेब पाहू. मुलींच्या कबड्डीचे मैदान १२ मीटर लांब व ८ मीटर रुंद, म्हणजे ९६ चौरस मीटर. सुमारे एक गुंठा. बास्केटबॉलचे पूर्ण मैदान २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद. सभोवती दोन मीटर मोकळी जागा धरल्यास ६०८ चौरस मीटर, म्हणजे सुमारे सहा गुंठे होतात. नारळी-पोफळीच्या वाड्यांनी आणि दाट वस्तीने वेढलेल्या गावात सहा गुंठे सपाट सार्वजनिक जागा मिळणे सोपे नाही. येथेच बहुतेक प्रस्ताव थांबतात.

परंतु याच खेळाचा तीन-तीन खेळाडूंचा प्रकार आता जगभर मान्य झाला आहे. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याचा प्रथमच समावेश झाला. त्यास एकच टोपली लागते आणि १५ मीटर रुंद व ११ मीटर लांब एवढेच मैदान पुरते. सभोवारची जागा धरूनही ते तीन गुंठ्यांच्या आत बसते. सामना दहा मिनिटांचा. जो संघ आधी २१ गुण करील तो जिंकला. पाचांच्या खेळाचा पुरा सराव करावयाचा तर दहा मुली जमवाव्या लागतात; येथे सहा पुरतात. लहान गावात दहा मुली एका वेळी मोकळ्या होणे दुर्मीळ; सहा होऊ शकतात. शिवाय अर्ध्या मैदानावर प्रत्येक मुलीच्या हाती चेंडू अधिक वेळा येतो. शिकणाऱ्यास याहून मोठा लाभ नाही.

किनाऱ्यावर असे मैदान करताना काही गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. जागा निवडण्यापूर्वी किनारा नियमन क्षेत्राचे नियम पाहावेत. सिमेंटचा पृष्ठभाग गुळगुळीत न करता झाडूने खरखरीत करावा आणि पाणी वाहून जाईल असा शंभरास एक या प्रमाणात उतार द्यावा. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा शेवाळ घासून काढण्याची जबाबदारी नावानिशी सोपवावी. खाऱ्या हवेत साधे लोखंड टिकत नाही. म्हणून खांब व कडे जस्ताचा मुलामा दिलेले असावेत. कड्याची उंची जमिनीपासून ३.०५ मीटर असावी. लहान मुलींसाठी ती कमी करता येईल अशी सोय असल्यास फार उत्तम. कड्याखालच्या जाळीची चिंता थळने करण्याचे कारण नाही. बारा ठिकाणी अडकविलेली ही जाळी येथील कोणताही जाणता हात घरबसल्या विणील.

यासाठी साहाय्याच्या वाटाही आहेत. राज्याच्या क्रीडा विभागाच्या क्रीडांगण विकास योजनेतून शाळांना व स्थानिक स्वराज्य संस्थांना अनुदान मिळू शकते. कंपनी कायदा, २०१३ अन्वये मोठ्या कंपन्यांनी सामाजिक दायित्वापोटी करावयाच्या खर्चात ग्रामीण क्रीडाप्रशिक्षणाचा स्पष्ट अंतर्भाव आहे. थळच्या शेजारी वायशेत येथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा मोठा खत कारखाना आहे. सविस्तर नकाशा, जागेचा ठराव आणि देखभालीची हमी जोडून योग्य ठिकाणी मागणी करणे हे ग्रामपंचायतीचे काम आहे. १९९३ च्या घटनादुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांना एक-तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रात २०११ पासून त्या निम्म्या झाल्या. मुलींच्या मैदानाचा ठराव मांडण्यास आणि संमत करण्यास आवश्यक ते बळ आज सभागृहातच आहे.

एका मैदानाची किमया

एका मैदानाने काय होते, याचे उदाहरण समुद्रापलीकडे मुंबईतच आहे. नागपाडा ही दाट वस्तीची, कष्टकऱ्यांची मोहल्लेवजा वसाहत. तेथील थोड्याशा जागेतील बास्केटबॉलच्या मैदानावर पिढ्यान् पिढ्या मुले संध्याकाळ घालवीत आली. मोठे खेळाडू लहानांना शिकवीत आणि लहान मोठे झाले की पुढच्यांना शिकवीत. या परंपरेतून भारतीय संघात खेळलेले खेळाडू निर्माण झाले. १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळविणारे अब्बास मुंतसीर हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध नाव. त्या वस्तीत संपत्ती नव्हती; रोज उघडे असणारे मैदान आणि रोज येणारी वडील मंडळी होती. नागपाड्यातील ही कथा मुख्यतः मुलांची आहे. थळसारख्या गावास ती मुलींची करून दाखविण्याची संधी आहे.

अन्न, आरोग्य आणि वेळ

मैदान झाले म्हणजे सर्व झाले असे नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. जिच्या रक्तात लोह कमी, ती दुसऱ्या डावातच धापा टाकू लागते, आणि तिला आळशी ठरविले जाते. शाळेत प्रशिक्षण सुरू करण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्राकडून रक्ततपासणी करून घ्यावी व लोहाच्या गोळ्या नियमित घेतल्या जातात की नाही हे पाहावे. मासळी, कडधान्ये, पालेभाज्या या भागास दुर्मीळ नाहीत. घरातील मुलीच्या पानात त्या पुरेशा पडतात का, हा खरा प्रश्न आहे. उडी मारणाऱ्या खेळांत गुडघ्याच्या बंधांची दुखापत मुलांपेक्षा मुलींमध्ये अधिक आढळते. गुडघे वाकवून, दोन्ही पायांवर हलके उतरण्याचा सराव रोज दहा-पंधरा मिनिटे केल्यास हा धोका बराच घटतो. त्यास कोणतेही साधन लागत नाही. मैदानाजवळ स्वच्छतागृह व पाणी असणे ही चैन नव्हे. त्यावाचून मुली मैदानावर टिकत नाहीत.

वेळेचाही विचार व्हावा. सकाळी पाणी भरणे, मासळीच्या कामात आईस हात देणे हे मुलीच्या वाट्यास येते. तेव्हा सराव शाळा सुटताच, अंधारापूर्वी, पाऊण तास व्हावा. आठवड्यातून चार दिवस पुरेत. मात्र ते दिवस चुकू नयेत. एखादी शिक्षिका किंवा गावातील माजी कबड्डीपटू स्त्री मैदानावर उभी असली, तर पालकांची निम्मी शंका तेथेच मिटते. पावसाळ्यात शाळेच्या वऱ्हांड्यात भिंतीवर चेंडू मारून झेलणे, डाव्या हाताने चेंडू आपटणे, दोरीवरच्या उड्या आणि उतरण्याचा सराव चालू ठेवता येतो. जाळी सांधण्याच्या दिवसांत मुलींनी आपली ही जाळी सांधावी.

हिशेब कशाचा मांडावा?

खेळाचा हिशेब चषकांत मांडण्याची सवय आहे. ठरावीक दर्जाची कामगिरी करणाऱ्या खेळाडूंना राज्यशासनाच्या सेवेत पाच टक्के आरक्षण आहे आणि शालान्त परीक्षांत सवलतीचे गुणही मिळतात, ही माहिती प्रत्येक पालकास दिली पाहिजे. परंतु सर्वच मुली त्या पायरीपर्यंत पोहोचणार नाहीत. म्हणून शाळेने एक साधी वही ठेवावी. जूनमध्ये किती मुली सरावास येत होत्या, मार्चमध्ये किती उरल्या, आणि ज्या गळाल्या त्या कोणत्या कारणाने, एवढेच तीत लिहावे. गाडी, अंधार, आजारपण, घरकाम, लग्न यांपैकी जे कारण वारंवार येईल, ते पुढल्या ग्रामसभेचा विषय व्हावे. ही वही तीन वर्षे चालली, तर थळची मुलगी महाविद्यालयाच्या निवडीस जाईल तेव्हा ती नवशिकी असणार नाही. आणि संघास सहावी व सातवी खेळाडू शोधीत हिंडावे लागणार नाही.

नारळी पौर्णिमेच्या दिवशी समुद्रात लोटलेली होडी सर्वांना दिसते. तिच्यासाठी पावसात घातलेले टाके कोणास दिसत नाहीत. पण खोल पाण्यात तिला तेच तारतात. विद्यापीठाच्या मैदानावर उतरणाऱ्या मुलीचे टाके शाळेच्या अंगणात घातले जावयाचे आहेत. तीन गुंठे जागा, एक टोपली, चार चेंडू आणि रोज हजर राहणारे एक वडीलधारे माणूस एवढ्यावर त्याचा आरंभ होऊ शकतो. पुढील ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय यावा, एवढीच अपेक्षा.